आधी स्टेज, मग कन्सोल

सकाळी ९

आजचा कार्यक्रम पुण्यातल्या एका नाट्यगृहात, संध्याकाळी साडेसातला. नऊशेच्या आसपास खुर्च्या. जुनी भावगीतं आणि काही नवी गाणी, पण साज बँडचा: इलेक्ट्रिक गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम, शिवाय तबला आणि ढोलकी. गायिका एकच. साउंड माझ्याकडे. कन्सोलला हात दुपारी लागेल. त्याआधीचं सगळ्यांत महत्त्वाचं काम फोनवरचं आहे, आणि ते गिटारवाल्याशी.

"दादा, बॅकलाइनला शंभर वॅटचं हेड आणि चार स्पीकरची कॅबिनेट मिळेल ना?"

"मिळेल. पण कशासाठी हवीय?"

"टोनसाठी. ट्यूब जरा तापल्या, आवाज कडेला फुटायला लागला, की वाजवायला मजा येते."

त्याचं म्हणणं खरं आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. ट्यूब ॲम्प ताणला की जो आवाज देतो, तो हळू ठेवून देत नाही. पण म्हणूनच शंभर वॅटचा ॲम्प इथे चुकीचा. तो ताणायची वेळ येण्याआधीच पहिल्या पाच रांगा कान झाकून घेतील. मग तो दीडवर ठेवायचा, आणि ज्या टोनसाठी मागवला तोच मिळायचा नाही.

वॅटचं गणित पोरांना कुणी नीट सांगत नाही. शंभर वॅट आणि पन्नास वॅट यांत फरक असतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. थोडक्यात, दहा वॅटचा ॲम्प शंभर वॅटच्या निम्मा मोठा ऐकू येतो, एकदशांश नाही. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा गिटारचा नावाजलेला स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल देतो. पंधरा वॅट दिले की तोच ११२ च्या आसपास जातो. जोरात वाजणाऱ्या ड्रमसेटशी बरोबरी करायला एवढं पुष्कळ झालं.

मी त्याला पंधरा वॅटचा, एका बारा इंची स्पीकरचा ट्यूब कॉम्बो सुचवतो. "तो तू सहावर ठेवू शकशील," असं म्हटल्यावर पलीकडे जरा शांतता, आणि मग, "चालेल, बघू." एवढं मला पुरे आहे.

सकाळी ११

गोदामात टेम्पो भरतोय. कॉम्बोबरोबर एक रोलंड जेसी-१२० ही चढवायला सांगतो. १९७५ सालापासून चालत आलेला हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प भारतात भाड्याच्या बॅकलाइनमध्ये सर्रास मिळतो, आणि एखादी ट्यूब ऐन वेळी गेली तर कार्यक्रम थांबत नाही. दणकट आणि स्वच्छ, पण आवाजाला फार मोठा. याला दोनाच्या पुढे न्यावं लागेल असं नाट्यगृह माझ्या पाहण्यात नाही.

मोठ्या ॲम्पचा सोस आला कुठून, तेही समजून घेण्यासारखं आहे. साठच्या दशकात पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेली ध्वनियंत्रणा, फक्त गाणाऱ्याच्या माईकसाठी असे. गिटारचा जो काही आवाज लोकांपर्यंत जायचा तो थेट ॲम्पमधून. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजले, तेव्हा त्यांच्यामागे व्हॉक्सचे शंभर वॅटचे ॲम्प होते आणि स्वतःचं ऐकायला स्टेजवर मॉनिटर नव्हते. त्याच सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांनी 'द हू'च्या पीट टाउनशेंड यांच्यासारख्या वादकांच्या मागणीवरून शंभर वॅटचे ॲम्प बनवले, स्पीकरच्या उंच थप्प्या रचल्या. तेव्हा ती गरज होती. आज ॲम्पसमोर माईक लागतो आणि शेवटच्या रांगेची जबाबदारी पीएची असते. गरज संपली, तरी थप्पीचं चित्र डोळ्यांत राहिलं. टाउनशेंड यांनी पुढे आपल्या कानांचं काय झालं हे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. थप्पीचा फोटो भिंतीवर लावणाऱ्याने तेही वाचावं.

दुपारी १

नाट्यगृह सत्रांवर मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. आयोजकांनी आज दुपारचं सत्रही घेतलंय, म्हणून साउंडचेकला खराखुरा वेळ आहे. एरवी दुपारच्या नाटकाचा सेट उतरतोय आणि आम्ही विंगेत केबलची वेटोळी घेऊन उभे, असं चालतं. मग ॲम्प जिथे जागा दिसेल तिथे ठेवला जातो आणि रात्रभर त्याची शिक्षा सगळे भोगतात. साउंडसाठी आयोजकाने करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा वेळ देणं. महागडे स्पीकर त्यानंतर.

ही नाट्यगृहं मुळात बोलत्या माणसासाठी बांधलेली. कलाकाराने विंगेकडे वळून टाकलेलं वाक्यही मागच्या खुर्चीला कळावं, ही इथल्या रंगभूमीची अपेक्षा. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं ते ज्यांच्या नावाने, त्या नटाची पिढी माईकशिवाय गाऊन वाढलेली. अशा वास्तूत रंगमंचावर केलेला आवाज बाहेर पडतोच, तो मी कन्सोलवर घेवो अगर न घेवो.

दुपारी २

आता जागा ठरवायच्या. आजच्या दिवसातला सगळ्यांत मोलाचा तास हाच.

रिवाज असा की ड्रम मधोमध मागे, आणि ॲम्प त्याच्या शेजारी, प्रेक्षकांकडे तोंड करून. फोटोत छान दिसतं. पण गायिकेच्या माईकचा विचार करा. तिच्या हातातला माईक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं घेणारा आणि पाठीमागचं टाळणारा. त्याची पाठ प्रेक्षकांकडे, तोंड गायिकेकडे. गायिकेच्या मागे काय आहे? ॲम्प. म्हणजे स्टेजवरचा सगळ्यांत मोठा माईक आपण सरळ गिटारवर रोखलेला असतो. मग मी गायिकेचा फेडर वर नेला की गिटारही वर जाते, तीही दूरची, घोगरी, खोलीतल्या घुमाऱ्यासकट.

दुसरा घोटाळा स्पीकरचा. बारा इंची स्पीकर खालचे सूर चहूकडे पसरवतो, पण हजार-बाराशे हर्ट्झच्या वर त्याचा झोत होत जातो, कारण तिथे आवाजाच्या लाटेची लांबी स्पीकरच्या रुंदीएवढी उरते. ॲम्प जमिनीवर, वाजवणारा दीड मीटरवर उभा: झोत त्याच्या पोटऱ्यांना लागतो. त्याच्या कानाला आवाज मऊ, दबलेला वाटतो. तो ट्रेबल वाढवतो, मग व्हॉल्यूम. आणि समोर तिसऱ्या रांगेत, झोताच्या थेट वाटेत बसलेल्या माणसाला मात्र तो आवाज सुरीसारखा कापत जातो. वादक वाईट नसतो, बहिराही नसतो. त्याला त्याचाच ॲम्प ऐकू येत नसतो, एवढंच.

म्हणून कॉम्बो आज डाव्या विंगेला लागून, तोंड उजवीकडे, स्टेजच्या आडवा. खाली तिरका स्टँड, म्हणजे झोत वर गिटारवाल्याच्या कानाकडे. आता गायिकेच्या माईकला तो बाजूने लागतो, आणि कार्डिऑइड माईक बाजूचं ६ डेसिबल कमी घेतो. एक नॉबही न फिरवता मिळालेले हे ६ डेसिबल.

राहिला तबला. समोर उजवीकडे तख्त टाकायचं ठरत होतं. मी हात वर करतो. तिथे तबल्याचे दोन्ही माईक झोताच्या थेट समोर येतील. तबल्याचा माईक नाजूक असतो. चाटेवरचा बोटाचा स्पर्श पकडायचा तर गेन बराच उघडावा लागतो आणि शेजारचं सगळं आत येतं. तख्त डावीकडे पुढे हलवलं, ॲम्पच्या बाजूला. तबलजींना शंका: "ॲम्पच्या शेजारी बसवताय मला?" शंका रास्त आहे. पण हा कॉम्बो पाठीमागून उघडा आहे. असा डबा पुढून आणि मागून आवाज फेकतो, आणि दोन्ही लाटा उलट्या असल्याने बाजूला एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात, खालचे सूर तर विशेष. त्याची कूस ही स्टेजवरची शांत जागा. मागून निघणारा आवाज विंगेच्या जाड काळ्या पडद्यात जाईल. तबलजी बसून पाहतात, गिटारवाला दोन कॉर्ड वाजवतो, आणि ते मान डोलावतात. समोर उजवीकडे आता कीबोर्डवाला. झोत त्याच्याकडे जाईल, आणि त्याला गिटार ऐकायची असतेच.

दुपारी ३:३०

साउंडचेक. पीए बंद. नुसता ड्रम आणि बेस वाजू देतो, सर्वांत जोरकस गाण्याचा ठेका. त्यात गिटारवाल्याला यायला सांगतो आणि स्वतः दहाव्या रांगेत जाऊन उभा राहतो. कन्सोल सुरू करण्याआधी सभागृहात काय ऐकू येतंय, हे ज्याने ऐकलं नाही त्याला पुढे काय मिसळायचं ते कळणार नाही. फेडरने आवाज वाढवता येतो. स्टेजवरून आलेला आवाज फेडर खाली ओढून कमी होत नाही.

गिटार ड्रमच्या वर जातेय. खाली घे म्हणण्याआधी मी ॲम्पपाशी जाऊन नॉब बघतो. बेस आठवर, मिडल दोनवर, ट्रेबल सातवर. ही घरची सेटिंग. कान हळू आवाजात खालचे आणि वरचे सूर कमी ऐकतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. रात्री खोलीत हळू वाजवताना माणूस बेस-ट्रेबल वाढवतो आणि ते गोड लागतं. तीच सेटिंग स्टेजवर आली की बेस घुमतो आणि गिटारचा खरा आवाज, जो मध्यावर असतो, तोच गायब. मग तो मिश्रणात हरवतो. हरवला की व्हॉल्यूम.

"बेस तीनवर आण, मिडल सहावर. व्हॉल्यूमला हात लावू नकोस."

तो करतो, वाजवतो, थांबतो. "दादा, आता जास्त ऐकू येतंय!" आता व्हॉल्यूम सहावरून साडेचारवर आणायला मला सांगावंही लागत नाही. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, डग्ग्याची घुमारी त्याच पट्ट्यात आणि बेस त्याच्याही खाली. गिटारने तो तळ सोडला की डग्ग्याची मींड आठव्या रांगेत पोचते. कन्सोलवर मी गिटारला १०० हर्ट्झच्या खाली कापतो, पण ते पीएपुरतं. स्टेजवरचा तळ ॲम्पवरच कापावा लागतो.

गेनचंही तेच. घरी एकट्याने वाजवताना डिस्टॉर्शन जितकं जास्त तितकं भरलेलं वाटतं. बँडमध्ये जास्त गेन म्हणजे दाबून सपाट झालेला आवाज, स्ट्रोकचा ठोका न उरलेला. गेन थोडा मागे घेतला की ठोका परत येतो आणि कमी आवाजातही गिटार पुढे दिसते.

दुपारी ४:३०

गायिका आल्या. आता माझी सगळ्यांत आवडती चाचणी. ताईंचा माईक उघडा, स्टँडवर. त्या बाजूला उभ्या. बँड पूर्ण जोरात. कन्सोलवर फक्त त्या माईकचा मीटर बघतो: गाणारं कुणी नसताना आत किती येतंय? मग ताई गातात आणि पुन्हा बघतो. दोहोंत किमान १२ डेसिबलचं अंतर मला हवं असतं. आज ते आहे. नसतं, तर कन्सोलवर काही न करता पुन्हा स्टेजवर गेलो असतो.

मी त्या माईकचा सोलो गिटारवाल्याला हेडफोनवर ऐकवतो. समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आपली गिटार दुसऱ्याच्या माईकमध्ये कशी ऐकू येते, हे एकदा ऐकलेला वादक पुन्हा वाद घालत नाही.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो नकळत जोर लावतो. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. भावगीतात याची किंमत फार मोठी. ज्या ओळी कुजबुजीच्या काठावर गायच्या, त्या ओरडून म्हटल्या जातात, सूर वर चढतो, मध्यंतरापर्यंत गळा बसतो. मग मॉनिटर वाढवा, मग शिट्टी, मग मी मॉनिटरचे सूर कापतो आणि ताईंचा आवाज पत्र्याचा होतो. या सगळ्या साखळीची पहिली कडी मागचा ॲम्प असतो आणि दोष माईकला दिला जातो.

संध्याकाळी ५:३०

चहा. सोलोचा प्रश्न सोडवायचा राहिला होता. तो म्हणतो, सोलोला बूस्ट पेडल दाबतो पण वर येत नाही. येणार नाहीच: ॲम्प आधीच फुटत असताना समोरून ढकललं की डिस्टॉर्शन वाढतं, आवाज नाही. पेडल ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावलं, चार डेसिबलवर ठेवलं. वरचं मी फेडरने देईन, कुठल्या गाण्यात केव्हा ते कागदावर लिहून घेतलंय.

चहावर हमखास निघणारा विषय: ॲम्पच नको, केम्पर किंवा हेलिक्ससारखं ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र आणि सगळ्यांना कानातले मॉनिटर. अनेक मोठे बँड आज तसेच वाजतात आणि मैदानी कार्यक्रमाला मी स्वतः तेच सुचवतो. अशा छोट्या नाट्यगृहात मात्र मला स्टेजवर एक छोटा ॲम्प हवासा वाटतो. ड्रम आणि तबला समोरून ऐकू येतायत आणि गिटार फक्त वरच्या स्पीकरमधून, हे पहिल्या रांगांना विचित्र लागतं. शिवाय स्पीकरची हवा तारेला लागून लांबणारा सूर अजून मला यंत्रात तसाच मिळालेला नाही. दुसरा उपाय ॲटेन्युएटरचा. ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून तो ताकद उष्णतेत जिरवतो. 'बोस्टन' बँडच्या टॉम शोल्झ यांनी १९८० च्या सुमारास पॉवर सोक नावाने असा डबा बाजारात आणला. मोठा ॲम्पच आणायचा हट्ट असेल तर हा जवळ ठेवावा. पण आवाज कमी करायला म्हणून ट्यूब ॲम्पची स्पीकरची वायर काढून चालू ठेवणारेही मी पाहिले आहेत. ते कधीही करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

संध्याकाळी ७:३०

पडदा. माणसं बसली की खोली बदलते. कपडे आणि शरीरं वरचे सूर पितात, रिकाम्या सभागृहातली चकाकी जाते. मी पीएवर थोडं वर देतो. गिटारवाल्याने मात्र ट्रेबल वाढवू नये असं आधीच बोलून ठेवलंय. त्याच्या कानापर्यंत येणारा झोत तोच आहे.

पहिली तीन गाणी सुरेख. तबल्याच्या उठाणाला टाळी पडते, म्हणजे बोल पोचतायत.

रात्री ८:४५

मध्यंतरानंतरचा धोका ठाऊक असतो. तासभर वाजवल्यावर कान थकतात, सगळं दबल्यासारखं वाटतं आणि प्रत्येकाचा हात नॉबकडे जातो. आधी कीबोर्ड, मग बेस, मग गिटार. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो आणि १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. स्टेजवरची मंडळी ही मर्यादा रोज ओलांडतात. म्हणून सगळ्या वादकांना मी कानातले प्लग वापरायला सांगतो, फोमचे नव्हे, सगळे सूर सारखे कमी करणारे.

गिटार दोन गाण्यांत सरकलीय, ताईंच्या माईकच्या मीटरवर दिसतंय. टॉकबॅकवरून 'कमी कर' म्हणायचं मी टाळतो. अर्ध्या गाण्यात ऐकलेलं ते वाक्य वादकाचा हात आखडवतं. त्याऐवजी त्याच्या मॉनिटरमधला कीबोर्ड थोडा खाली घेतो. गिटार त्याला पुन्हा मोकळी ऐकू येते. पुढच्या गाण्याआधी तो स्वतःच नॉब मागे फिरवतो.

रात्री १०:१५

कार्यक्रम वेळेपेक्षा थोडा लांबला. उघड्या मैदानावर असतो तर दहाला पीए बंद करावा लागला असता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, बंद सभागृहाला त्यातून सूट. केबल गुंडाळणं, टेम्पो, सह्या.

एक आजी कन्सोलपाशी येऊन सांगतात की सगळे शब्द कळले. गिटारवाला विचारतो, पुढच्या महिन्यात ठाण्याला हाच ॲम्प मिळेल का. मिळेल.

गिटार वाजवणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे. पुढच्या साउंडचेकला लांब केबल घेऊन जा, गायकाच्या माईकपाशी उभे राहून स्वतःची गिटार वाजवा, मग दहाव्या रांगेत जाऊन दुसऱ्या कुणाकडून ती वाजवून घ्या. दहा मिनिटंही लागत नाहीत. व्हॉल्यूमचा नॉब कुठे ठेवायचा ते त्यानंतर ठरवा.